डोकं माझं, खड्डा कोणाचा?

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की पुणेकरांचं डोकं तापतं. पण हा राग नक्की हेल्मेटवर आहे की सरकारवर?

सकाळी साडेनऊची वेळ. पुढच्या सिग्नलला ट्रॅफिकवाले मामा दिसले की मागे एक कवायत सुरू होते. आरशाला लटकवलेलं, पायाशी ठेवलेलं, कोपरात अडकवलेलं हेल्मेट झटक्यात डोक्यावर चढतं. चौक ओलांडला की परत कोपरात! कोपराला एवढं जपणारं शहर जगात दुसरं नसेल.

तुम्हीही त्यातलेच असाल तर रागावू नका. तुमची कारणं मला तोंडपाठ आहेत. केस गळतात. मान दुखते. हॉर्न ऐकू येत नाही. स्कार्फ बांधलेला असतो, त्यावर हेल्मेट कसं बसणार? आणि या ट्रॅफिकमध्ये स्पीड मिळतोय कुठे? ऑफिसच्या पार्किंगमध्ये विषय काढून बघा, पाच मिनिटांत ही सगळी यादी ऐकायला मिळेल. आणि शेवटी ब्रह्मास्त्र निघेल : ‘आधी रस्ते नीट करा, मग आम्हाला अक्कल शिकवा!’

या शेवटच्या वाक्यात दम आहे. पण त्यातली गोम समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

कायदा जुना, मोहीम नवी

हेल्मेटसक्ती ही काही कालपरवाची भानगड नाही. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्यातलं कलम १२९ सांगतं की दुचाकी चालवणाऱ्यानं आणि मागे बसणाऱ्यानंही हेल्मेट घालायचं. पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना सूट आहे. पुणेरी पगडीला नाही, हे आपलं दुर्दैव! थोडक्यात, तुमच्या टीममधले बरेच जण या कायद्यापेक्षा वयानं लहान असतील.

मग तो दर वेळी नवा का वाटतो? कारण तो आपल्याकडे कायदा म्हणून येतच नाही, ‘मोहीम’ म्हणून येतो. २०१६मध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली. पंपचालकांनी विरोध केला आणि थोड्याच दिवसांत घोषणा मागे घेतली गेली. १ जानेवारी २०१९पासून पुणे पोलिसांनी कारवाईचा धडाका लावला. लोक रस्त्यावर उतरले. जूनमध्ये शहरातल्या आमदारांनी मुख्यमंत्र्यांना साकडं घातलं आणि अडवून पावत्या फाडणं थंडावलं. कायदा मात्र जिथल्या तिथे! २०२२मध्ये पुन्हा हेल्मेटसक्तीची आवई उठली. मग खुलासा आला, की ही फक्त सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये मागे बसणाऱ्यांच्या ई-चलानाची वेगळी नोंद करण्याचा आदेश निघाला आणि पुन्हा तीच चर्चा, तेच जोक.

आता तुम्हीच सांगा, आज आहे, उद्या नाही, परवा साहेबांच्या मूडवर अवलंबून, अशा गोष्टीला कोण कायदा म्हणेल? अशानं लोक नियम पाळायला शिकत नाहीत. मामा कुठल्या चौकात उभे असतात, ते मात्र पाठ करतात.

माझं डोकं, माझी मर्जी?

‘डोकं माझं आहे ना, फुटलं तर माझं फुटेल’ हे वाक्य अगदीच हसण्यावारी नेऊ नका. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतानं १८५९च्या ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात साधारण हाच मुद्दा गंभीरपणे मांडलाय. दुसऱ्याला इजा होत नसेल, तर केवळ एखाद्याच्या भल्यासाठी म्हणून सत्तेनं त्याच्यावर जबरदस्ती करू नये, असा त्याचा फंडा. सरकारनं आपली आई होऊ नये, असं म्हणा हवं तर.

प्रश्न एवढाच, की दुचाकीवरचं डोकं खरंच एकट्याचं असतं का? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते. आणि या पन्नास हजारांतले १४,३३७ जण मागच्या सीटवर होते. म्हणजे कुणाची बायको, कुणाचा मित्र, कुणाची आई. ‘माझी मर्जी’ त्यांच्यापर्यंत कशी पोचते ते बघा. घरचा ईएमआय, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं, मुलांची फी या गोष्टीही त्याच डोक्यावर उभ्या असतात.

हेल्मेटचा उपयोग होतो का, या प्रश्नाचंही उत्तर कधीच मिळालंय. ६१ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८च्या एका आढाव्यात दिसलं, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. केस गळण्याचं टेन्शन त्यापुढे फारच किरकोळ आहे, बॉस!

खड्ड्याचा मालक कोण?

पण थांबा. मी काही सरकारची वकिली करायला बसलेली नाही. गेल्या पावसाळ्यात माझा मोठा भाऊ ऑफिसमधून घरी येत होता. दादा म्हणजे आमच्या घरातला हेल्मेटवाला. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली तरी घालणार आणि त्यावरून आमचे टोमणेही खाणार. त्या संध्याकाळी रस्त्यावर पाणी साचलेलं होतं, खड्डा दिसला नाही. गाडी एकीकडे, दादा दुसरीकडे. कॉलरबोन मोडलं. हेल्मेटला उजव्या बाजूनं ही एवढी चीर. डॉक्टरांनी ते हातात घेऊन नुसतं फिरवून बघितलं आणि म्हणाले, ‘हे डोक्यावर होतं म्हणून आपण आज फक्त खांद्याबद्दल बोलतोय.’ आई तिथेच खुर्चीत बसली. वहिनी ते चिरलेलं हेल्मेट कुणाला टाकू देत नाही, अजून.

दादा बरा झाला, पण मला त्या खड्ड्याचा पत्ता लावायचा होता. पहिल्या ऑफिसात सांगितलं, ‘हा रस्ता आमच्याकडे येत नाही.’ दुसऱ्या ऑफिसात उत्तर मिळालं, ‘रस्ता आमचा आहे, पण खोदाई दुसऱ्या खात्यानं केली.’ तिसरीकडच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘मॅडम, पेशंट वाचला ना? मग कशाला त्रास करून घेता?’

वाचला! हेल्मेटनं वाचवला, रस्त्यानं नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? दादानं त्या दिवशी सिग्नल तोडला असता तर कॅमेऱ्यानं नंबरप्लेट टिपली असती आणि चलान थेट त्याच्या मोबाइलवर आलं असतं. गाडीचा मालक कोण, हे यंत्रणेला लगेच सापडतं. खड्ड्याचा मालक मात्र तीन हेलपाटे घालूनही सापडत नाही.

एक कायदा, दोन कलमं

गंमत म्हणजे खड्ड्याच्या मालकासाठीही कायद्यात सोय आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये मोठी दुरुस्ती झाली. कलम १९४-डी : हेल्मेट नसेल तर १००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्सवर गदा. हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच दुरुस्तीतलं कलम १९८-ए : रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. १९४-डीचं चलान आलेले लोक तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडतील. १९८-एखाली दंड भरलेला कंत्राटदार कधी भेटलाय? मला तरी नाही.

खड्ड्यांमुळे २०२२मध्ये देशात १,८५६ मृत्यू झाल्याची नोंद त्याच सरकारी अहवालात आहे. शेवटी कोर्टालाच बोलावं लागलं. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आदेश दिला : खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, जखमींना इजेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख. आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी आणि कंत्राटदारांकडून वसूल करायची. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टानं स्पष्ट सांगितलं.

सरकारनं करायचं तरी काय?

माझं उत्तर सोपं आहे. जे मला एकटीला जमत नाही, ते सरकारनं आधी करावं. हेल्मेट मी विकत घेऊ शकते. ते आतून किती मजबूत आहे, हे मात्र मी घरी हातोडी मारून तपासू शकत नाही. तिथे सरकार हवं. जून २०२१पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायला देशात बंदी आहे, हा नियम मला मनापासून पटतो. आता रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या तकलादू टोप्यांवरही तो लागू करून दाखवा. तसंच रस्त्याचं. मी उत्तम गाडी चालवू शकते, पण रस्ता बांधू शकत नाही.

आणि ‘आपल्याकडे चांगले रस्ते होतच नाहीत’ ही सबब पुण्यात तरी चालायची नाही. जंगली महाराज रस्ता बघा. १९७०च्या दशकात महापालिकेनं तो रेकॉन्डो या कंपनीकडून करून घेतला, दहा वर्षांच्या हमीवर. हमी संपल्यावरही कितीतरी पावसाळे तो खड्ड्यांशिवाय टिकला. यात जादू काही नव्हती. काम चांगलं होतं आणि त्याखाली कुणाची तरी सही होती.

आता ‘आधी रस्ते’वाल्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला वाटेल ही आपल्या पार्टीत आली. अर्धीच आलेय! रस्ते वाईट आहेत हे हेल्मेट न घालण्याचं कारण कसं होईल? ते तर घालण्याचं कारण आहे. छप्पर गळतंय म्हणून कुणी छत्री मिटून बसत नाही. उलट आपण हेल्मेट कोपरात ठेवलं, की साहेबलोकांना आयतीच सबब मिळते : ‘लोकच नियम पाळत नाहीत, आम्ही काय करणार?’ ते आपल्याकडे बोट दाखवतात, आपण त्यांच्याकडे. खड्डा मधल्या मध्ये मजेत!

ही साखळी एका बाजूनं तर तुटायला हवी. आपली बाजू आपल्या हातात आहे. उद्या सकाळी निघताना हेल्मेट डोक्यावर घाला, पट्टा लावा, मामा असोत-नसोत. वाटेत खड्डा दिसला तर थांबून फोटो काढा, जागेची खूण लिहा, महापालिकेकडे तक्रार टाका आणि तिचा नंबर जपून ठेवा. मग ‘आधी रस्ते नीट करा’ असं खुशाल ओरडा. तेव्हा ती सबब नसेल, हिशेब मागणं असेल.