झोताचा जोर कसा मोजायचा?

हेबर कर्टिस यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत एम-८७ या दीर्घिकेविषयी एक छोटीशी नोंद आहे. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत घेतलेल्या छायाचित्रात तिच्या धूसर गोळ्याच्या केंद्रातून एक बारीक, सरळ रेघ निघालेली त्यांना दिसली होती. ही रेघ म्हणजे प्लाझ्माचा झोत. सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराजवळून तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटतो.

पण या झोतात जोर किती? सोपा मार्ग म्हणजे तेज मोजायचे. तिथेच फसगत होते. इतक्या वेगाने आपल्या दिशेने येणारा झोत आहे त्याहून कितीतरी प्रखर दिसतो आणि दूर जाणारा मंदावतो. म्हणूनच एम-८७चा एकच झोत नजरेत भरतो. दुसरी अडचण याहून चिवट आहे. रेडिओ तेज येते ते चुंबकीय क्षेत्रात घिरट्या घालणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून. क्षेत्र जोरकस आणि इलेक्ट्रॉन थोडे, किंवा क्षेत्र दुबळे आणि इलेक्ट्रॉन पुष्कळ, तेज तेवढेच! जेफ्री बर्बिज यांनी १९५०च्या दशकात यातून वाट काढली आणि एवढ्या तेजासाठी निदान किती ऊर्जा हवी, हे काढून दाखवले. हिशेब मोलाचा खरा, पण हाती आली ती फक्त खालची मर्यादा. झोतात प्रोटॉन असतील, तर ते या तेजात दिसतही नाहीत.

खरा मापदंड सापडला तो झोताने केलेल्या कामात.

दीर्घिकासमूहांत कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो आणि तो क्ष-किरणांत उजळतो. झोत या वायूला रेटून बाजूला सारतो, तेव्हा त्यात बुडबुडे तयार होतात. ययाती समूहातले असे बुडबुडे १९९३ साली रोसॅट उपग्रहाच्या चित्रांतून पुढे आले. १९९९मध्ये चंद्रा दुर्बीण अवकाशात गेल्यावर ते स्वच्छ दिसू लागले. वायूचे तेज आणि तापमान यांवरून दाब कळतो, बुडबुड्याच्या रुंदीवरून घनफळ. दाब गुणिले घनफळ म्हणजे वायू सारायला लागलेले काम. आतल्या प्लाझ्माची स्वतःची ऊर्जा त्याच्या तिप्पट धरली जाते, म्हणजे एकूण चौपट. मग बुडबुडा केंद्रापासून तिथवर तरंगत जायला किती काळ लागला असेल ते काढायचे आणि त्या काळाने ऊर्जेला भागायचे. बुडबुड्याची खोली अंदाजानेच धरावी लागते, तरी हीच रीत सर्वांत भरवशाची वाटते. ती झोताच्या दिसण्यावर विसंबत नाही. या मापाने झोतांचा जोर त्यांच्या रेडिओ तेजाच्या कुठे काही पट, तर कुठे हजारो पट भरला.

भुजंगधारी समूहाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या या समूहातल्या वायूत एक वक्र कड चंद्रा दुर्बिणीच्या चित्रांत दिसली होती. ती अशाच बुडबुड्याच्या पोकळीची कड असेल, तर लागणारी ऊर्जा अफाट ठरत होती. म्हणून २०१६मध्ये ती शक्यता मागे पडली. जुन्या, थकलेल्या इलेक्ट्रॉनांचे तेज फक्त कमी वारंवारतेच्या लहरींत उरते आणि नेमक्या त्याच लहरी टिपते नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. तिची आणि ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन दुर्बिणीची निरीक्षणे कडेवर ठेवून पाहिली, तेव्हा आतली जागा रेडिओ तेजाने भरलेली निघाली. २०२०मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तोवरच्या विक्रमी स्फोटाच्या सुमारे पाचपट ऊर्जा इथे लागली होती. आपल्यासारख्या १५ आकाशगंगा त्या पोकळीत एका रांगेत मावतील.

ती कोरणारा झोत मात्र आता थांबलेला आहे.