गेम खेळताना लॅपटॉप तापतो, बंद पडतो: घरच्या घरी काय करता येईल?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पालकांची एक तक्रार आमच्याकडे हमखास येते. "सर, पोरगा गेम खेळायला बसला की लॅपटॉप नुसता घोंघावतो आणि अर्ध्या तासात फटकन बंद पडतो." आम्ही विज्ञान शिकवतो, पण शाळेतली कॉम्प्युटरची खोलीही आमच्याच गळ्यात आहे, म्हणून लोक विचारतात.

गेल्या मे महिन्यात हीच गत आमच्या घरी झाली. थोरलीच्या सीईटीच्या तयारीसाठी सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता. धाकट्या साहेबजाद्यांनी त्यावर दोन तास गेम खेळून तो तसाच तापलेला बहिणीच्या हातात दिला. तिची ऑनलाइन सराव परीक्षा अर्ध्यावर असताना स्क्रीन काळी! दुरुस्तीवाल्याने सांगितलं, मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील. आम्ही म्हटलं, भाई, जरा दम धरा, आधी बघू तरी.

आता हे होतं का? प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. नुसतं टाइप करताना तो मोजके वॅट घेतो. गेमिंगच्या लॅपटॉपमधला प्रोसेसर गेमच्या वेळी 45 वॅट किंवा त्याहूनही जास्त घेतो, आणि ही सगळी आग नखाएवढ्या चिपमध्ये. तांब्याच्या चपट्या नळ्या ती उष्णता पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेतात आणि पंखा त्या जाळीतून हवा ढकलतो. ही वाट कुठेही तुंबली की खेळ खलास.

बहुतेक इंटेल प्रोसेसरची मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरची 95 च्या आसपास. तिथे पोहोचला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. गेम अडखळायला लागतो तो बऱ्याचदा यामुळेच. तरीही पारा चढत राहिला तर मशीन स्वतःला बंद करून घेतं. म्हणजे असं बंद पडणं हा बचाव आहे, मरण नव्हे. मदरबोर्डवर लगेच फातिहा पढायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. खोलीचं तापमान 10 अंशांनी वाढलं तर चिपचंही साधारण तेवढंच वाढतं. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. जानेवारीत निमूट चालणारा लॅपटॉप आता का रुसतो, ते कळलं ना?

आम्ही आधी एचडब्ल्यूमॉनिटर हा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकून गेम चालू असताना आकडा पाहिला. 98! गेममध्ये 80-85 दिसलं तर घाबरू नका, ते चालतं. सतत 95 च्या वर असेल तर हातपाय हलवायला हवेत.

साहेबजादे गादीवर लोळत खेळायचे, आणि हवा आत घेण्याच्या फटी खालच्या बाजूला. गादीने त्या बंदच केल्या होत्या. लॅपटॉप टेबलावर आणून मागच्या कडेखाली बाटलीची दोन झाकणं ठेवली, एवढ्यावरच पाच अंश उतरले. मग ओळखीच्या मुलाकडून उघडून घेतला. जाळीवर धुळीचा असा थर होता की हवा जाणार कुठून! त्याने ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं. हे महत्त्वाचं, नाहीतर पंखा वाऱ्याने गरगर फिरून खराब होतो. चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. पेस्टची छोटी ट्यूब काहीशे रुपयांत मिळते.

उरलेलं काम सेटिंगमध्ये झालं. लॅपटॉपची स्क्रीन 60 हर्ट्झची असेल तर सेकंदाला 60 च चित्रं दाखवते. गेम मात्र 120-130 चित्रं बनवत बसतो. वरची मेहनत फुकट, ताप मात्र खरा. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम लिमिट 60 करा. दुसरं, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' 100 चं 99 केलं की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो बंद होतो, म्हणजे प्रोसेसर अंगाबाहेर धावत नाही. काही मॉडेलमध्ये हा पर्याय दिसतच नाही, तिथे कंपनीच्या प्रोग्राममधला 'सायलेंट' किंवा 'बॅलन्स्ड' मोड वापरा. वेग थोडा घटतो, पण मुलाच्या लक्षातही येत नाही. आमच्या घरी आकडा 98 वरून 81 वर आला. खर्च साडेपाचशे.

विदर्भातल्या मंडळींना खास सांगणं: पाण्याच्या कूलरच्या तोंडापुढे लॅपटॉप ठेवू नका. ओली हवा आणि उडणारे थेंब आत गेले तर तापण्यापेक्षा मोठं नुकसान होतं. बर्फाची पिशवी, फ्रिज हे तर अजिबातच नको, आत दव धरतं.

एवढं करूनही बंद पडत असेल तर मात्र जाणकाराला दाखवा. आणि टचपॅड वर आलेलं दिसलं किंवा खालचं झाकण फुगलेलं वाटलं, तर गेमचा विचारच सोडा. बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि त्याच दिवशी बॅटरी काढून घ्या.