जुन्या कॉम्प्युटरला नवी साटा-३ एसएसडी चालेल का?

हो, बहुतेक वेळा बिनधास्त चालते! साटाच्या तिन्ही पिढ्यांचा कनेक्टर एकच. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड आपसात वेग ठरवतात; दोघांत जो हळू, त्याच्या चालीने काम होतं. कमाल मर्यादा सेकंदाला साधारण अशी: साटा-१ ला १५० एमबी, साटा-२ ला ३००, साटा-३ ला ६००.

मग साटा-२ वर पैसे वाया? मुळीच नाही. हार्ड डिस्कला डेटा शोधायला काही मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा छोटासा अंश. विंडोज झटपट उघडते ती त्यामुळेच.

घेण्याआधी बघा:
▪ बायोसमध्ये एएचसीआय मोड विंडोज टाकण्यापूर्वीच निवडा.
▪ व्हीआयए व्हीटी८२३७सारख्या काही जुन्या चिपसेटना वेग ठरवणं जमत नाही. ड्राइव्ह दिसतच नाही.
▪ एम.२ एनव्हीएमई साटा पोर्टवर चालत नाही. २.५ इंची साटाच घ्या.