दानाचा जमाखर्च आणि चूल

दानधर्माचा आढावा घ्यावयास बसलेला लेखक बहुधा संस्थांच्या वार्षिक अहवालांची चळत पुढ्यात ओढतो, आणि शेवटच्या पानांवर देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात, तेवढ्यावरून महाराष्ट्रातील परोपकाराचा इतिहास सिद्ध झाला असे मानून मोकळा होतो. या पद्धतीशी माझा जुना तंटा आहे. आपल्याकडे दान म्हटले की मनात प्रथम येते ते अन्नदान, आणि अन्नदानासाठी कोणीतरी पहाटे उठून चूल पेटवावी लागते, पीठ मळावे लागते आणि पंगत उठल्यावर खरकटे काढावे लागते; परंतु धान्याची पोती धाडणाऱ्या सावकाराचे नाव दप्तरात चढते आणि ते धान्य शिजविणारीचे नाव कोठेच चढत नाही. हे तुणतुणे मी वर्षानुवर्षे वाजवीत आलो असून विद्वानांच्या बैठकांतून त्याबद्दल मंद स्मितेही पुष्कळ पदरात घेतली आहेत. संपादकांनी या वर्षी ‘सणाचे देणे, सेवा आणि घरचा फराळ’ असा ऐसपैस विषय दिल्यामुळे ते पुन्हा वाजविण्याचा परवाना आयताच हाती आला.

पेशवाईतील रमण्यापासून आरंभ करण्याची रीत आहे, म्हणून करतो. खंडेराव दाभाड्यांनी तळेगावास चालू केलेली श्रावणमासची दक्षिणा पुढे पेशव्यांनी उचलली, पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांचे थवे लोटू लागले, आणि इंग्रजी अंमल आल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने ती एका फटक्यात मोडून न टाकता तिच्यातीलच पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उभी केली. १८४९ मध्ये पुण्यातील काही नव्या शिक्षणाच्या तरुणांनी, हा पैसा मराठी ग्रंथरचनेस द्यावा असा अर्ज सरकारात गुदरला, तेव्हा शास्त्रीमंडळींनी जो गहजब केला आणि जोतीराव फुले त्या तरुणांच्या पाठीशी जसे उभे राहिले, तो प्रसंग मनोरंजक खरा. पण सनदा, अर्ज आणि मंजुऱ्या यांच्या या प्रकरणात मला फारसा रस वाटत नाही. सगळा मामला रोकड रकमेचा. त्याच जोतीरावांनी १८७७ च्या दुष्काळात, अन्नाला मोताद झालेल्या मुलांसाठी सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडीस जो बालाश्रम काढला, तिथे मात्र माझे पाऊल अडते. त्या कार्यासाठी लोकांना केलेले आवाहन अभ्यासकांच्या टाचणांत सापडते. तिथे भाकरी कोणी थापल्या, याची चौकशी करावी असे आमच्या संशोधकांना सुचलेले माझ्या पाहण्यात नाही.

यानंतर माधुकरी आणि वार. झोळी घेऊन पाच घरे फिरणारा, अथवा सोमवारी एकाकडे नि मंगळवारी दुसऱ्याकडे पाटावर बसणारा गरीब विद्यार्थी हा आमच्या आत्मचरित्रांचा इतका लाडका नायक आहे, की त्याच्याविषयी नवे काही लिहिणे अवघड. माझे आजोबा वार लावून शिकले. त्यांच्या सांगण्यात बुधवारच्या घराचा उल्लेख नेहमी येई, कारण त्या घरची गृहिणी स्वतःच्या मुलांच्या पानात तूप वाढताना यांच्या पानाशी येऊन वाटी आखडती घेत नसे, आणि दिवाळीच्या चार दिवसांत तर वार नसतानाही निरोप धाडून फराळाला बोलावी. या पद्धतीवर हल्ली दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष तिचे स्मरण होताच गहिवरतो. दुसरा ती निव्वळ मानहानी होती असे म्हणून हात झटकतो. गहिवरणाऱ्यांना विचारावेसे वाटते की, हे वार कोणत्या जातीच्या मुलाला मिळत होते? आणि हात झटकणाऱ्यांना माझा प्रश्न असा की, आठवड्यातून एक पान वर्षभर सांभाळणाऱ्या त्या बाईने कोणाची मानहानी केली? तिला तर धान्याच्या कोठीची किल्लीही पुष्कळदा सासूकडून मागून घ्यावी लागे.

जातीची ती भिंत फोडण्याचे काम वसतिगृहांनी केले, आणि महाराष्ट्राच्या या प्रकरणावर मी मन लावून लिहिणार आहे. १९०१ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात मराठा बोर्डिंग निघाले व पाठोपाठ निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. परंतु सर्व जातींची मुले एका छपराखाली आणून त्यांना एका पंगतीस बसविण्याचे धाडस कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास केले. रयत शिक्षण संस्थेची १९१९ ची काल्याची स्थापना, १९२४ चे साताऱ्याचे बोर्डिंग, १९२७ साली गांधीजींची भेट व त्यांच्या हस्ते त्या बोर्डिंगास मिळालेले शाहू महाराजांचे नाव, हे सारे शाळकरी मुलांनाही पाठ असते. मला त्या वसतिगृहाच्या मुदपाकखान्यातील बाई अधिक दिसतात. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील या सुखवस्तू घरातून आलेल्या. अंगावर भरपूर सोने घेऊन आलेल्या. बोर्डिंगातील धान्य संपले की एकेक दागिना बाजारात जाई, आणि अखेर एके दिवशी, कर्मवीर गावाला गेलेले असताना, मुले उपाशी राहतील म्हणून त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. ही कथा व्याख्यानांतून इतक्यांदा सांगितली गेली आहे की वक्ता ‘मंगळसूत्र’ म्हणताच टाळी पडते. मला मात्र मंगळसूत्राहून त्याच्या आधीची वर्षे मोठी वाटतात. सोने एकदा विकता येते. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशा मुलांच्या पोटाची काळजी दररोज, दोन्ही वेळा, त्या काळच्या सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या बाईने आईच्या मायेने वाहायची, याला जे मनोबल लागते त्याचे मोल कोणत्या सराफाने करावे? त्या १९३० साली वारल्या. संस्थेचा वटवृक्ष पसरलेला त्यांना पाहता आला नाही. रयतेच्या शाळांची संख्या सांगणाऱ्या लेखांत त्यांना एक परिच्छेद मिळतो, आणि तोही बहुधा त्यागाचा, कामाचा नव्हे.

वाऱ्यांतील दिंड्या, शेगावच्या संस्थानातील पाळीपाळीने येणारे बिनपगारी सेवेकरी, अक्कलकोटचे अन्नछत्र, यांवर स्वतंत्र ग्रंथ होतील. मी नुसता नमस्कार करून पुढे जातो. गाडगेबाबांपाशी मात्र क्षणभर थांबले पाहिजे, कारण कीर्तनाच्या आधी गाव झाडून काढणाऱ्या या पुरुषाने सेवा आणि भोजन यांचा क्रम कधी उलटा होऊ दिला नाही: आधी खराटा, मग भाकरी. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील त्यांच्या धर्मशाळा लाखोंच्या देणग्यांवर उभ्या राहिल्या, आणि ते स्वतः फुटक्या मडक्यात मागून आणलेला तुकडा खात राहिले.

आता गिरणगाव. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी मुंबईत एका कचेरीत कारकुनी करीत असता लालबागेत एका बाईंच्या खाणावळीत जेवत असे. खोली दहा बाय बाराची. तिच्यातच चूल, पाटावरवंटा, बाईंचे चार जणांचे कुटुंब आणि पाळीपाळीने येऊन जेवून जाणारे आम्ही. गिऱ्हाईक बहुतेक कोकणातले नाहीतर घाटावरचे, गिरणीत साचे चालविणारे. त्यांत मी एकटा शाईवाला. महिनाअखेरीस पैसे चुकते करावयाचे, आणि कोणाचे खाडे पडले तर बाई पुढच्या पगारापर्यंत थांबत. स्वतः मात्र किराणा भरण्यासाठी सावकाराकडून जबर व्याजाने रक्कम उचलत. दिवाळीत ज्यांना गावी जाता येत नसे त्यांच्या ताटात नरकचतुर्दशीला चार चकल्या, एक करंजी आणि बेसनाचा लाडू न सांगता पडे आणि त्याची आकारणी महिन्याच्या हिशेबात कधी दिसली नाही. एकदा मी भीत भीत विचारले, तर बाई म्हणाल्या, “सणाचं काय मांडायचं रे? गप खा.” १९७० च्या दशकाच्या आरंभी गिरण्यांचा संप झाला तेव्हा अशाच बायकांनी संपवाल्या कामगारांना उधारीवर जेवू घातले, आणि त्यांची ही कुतरओढ जवळून पाहिलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेच्या दारात नेले. १९८२ च्या संपाचे इतिहास मी वाचले आहेत. अडीच लाख कामगार, पुढारी, गिरणीमालक, सरकार, सारे त्यांत आहेत. ज्यांच्या खाणावळींचा उदीम त्या संपाने बसला त्या बायका शोधाव्या लागतात.

कोणी म्हणेल, हा धंदा झाला, दान नव्हे. हा आक्षेप मला एका नामवंत अर्थशास्त्रज्ञाने भर सभेत ऐकविला होता. त्यांना मी इतकेच म्हणालो की, ज्या व्यवहारात उपाशी गिऱ्हाइकाला उठवून लावणे अशक्य वाटते, तो आपण कोणत्या रकान्यात घालणार ते मला कळवावे. उत्तर अद्याप यायचे आहे.

घरच्या फराळाकडे वळतो. इथे लेखणी सैल सुटणार, हे वाचकांनी गृहीत धरावे. आमच्या वाड्यात वसुबारसेच्या आधीपासून बायकांचे दिवस वाटलेले असत: आज जोशीकाकूंकडे करंज्या, उद्या वरच्या मजल्यावर चिरोटे, परवा आमच्याकडे. करंजी हे एकटीने करावयाचे काम नव्हेच. एकीने पारी लाटावी, दुसरीने सारण भरावे, तिसरीने कातणाने कड कापावी किंवा हौस असेल तर मुरड घालावी, आणि भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवीत चौथीने तळणीपाशी बसावे. करंज्यांबरोबर एखादा मोदक व्हायचाच. अनारशांचे पीठ तर पंधरवडा आधी सिद्ध होई: तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, कापडावर सावलीत निथळायचे, ओल अंगात असतानाच कुटायचे, बारीक चाळणीने चाळून गूळ मिसळून गोळे करून मुरत ठेवायचे, मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर राखून, मंद आचेवर, न उलटता, झाऱ्याने तूप उडवीत तळायचे. आणि इतके करूनही अनारसा तुपात हसला, की तळणारीचा चेहरा पडे. मग शेजारीण आपल्या डब्यातले मूठभर घट्ट पीठ आणून त्यात मिसळी आणि पुढचा घाणा सावरून घेई. संध्याकाळी क्रोशाच्या रुमालाखालची ताटे घरोघर निघत. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिथे तळण होत नसे, तिथे प्रत्येकाकडून ताट जाई. मोलकरणीच्या, पोस्टमनच्या, भंगीकाम करणाऱ्याच्या पुड्याही त्याच घाण्यातून भरल्या जात, मात्र त्या अंगणातून दिल्या जात हेही लिहून ठेवले पाहिजे.

हे सारे गेले. विकतच्या फराळाने स्त्रिया सुटल्या, असा एका लेखिकेचा ठाम दावा मी वाचला, आणि त्याच्या निम्म्या भागाशी मी सहमत आहे: कमलाबाई ओगल्यांची १९७० ची ‘रुचिरा’ हाती धरून एकटीनेच सगळे रांधणाऱ्या सुनेचे हाल मी पाहिले आहेत, आणि आज बचत गटातील बायका चकल्या विकून घर चालवितात याचा मला आनंदच आहे. माझी तक्रार विकत घेण्याविषयी नाही. विकतचा डबा घ्यायचा, त्यावर कंपनीचे नाव छापायचे आणि तो कोणाच्या तरी हातात ठेवताना छायाचित्र काढायचे, या नव्या विधीविषयी आहे.

माझी पुतणी पुण्यात सनदी लेखापाल आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले, तेव्हापासून हे काम तिच्या टेबलावर येते, आणि स्वयंसेवेसाठी कचेरीतून सुट्टीही मिळते. दिवाळीआधीच्या रविवारी ती सहकाऱ्यांबरोबर एका निवासी शाळेत फराळाचे डबे घेऊन गेली. मुलांनी रांगेत उभे राहून, न सांगता हात जोडून, डबे घेतले. त्या दिवसातला त्यांचा हा चौथा कार्यक्रम होता, आणि एका लहान्याला लाडू पाहूनच मळमळू लागले होते. स्वयंपाकघरात मात्र एकच बाई सकाळपासून सत्तर मुलांचा भात उतरवीत होती, कारण तिची जोडीदारीण सणासाठी माहेरी गेली होती. पोरीने ओढणी खोचली आणि कांदे चिरायला बसली. “काका, तिथे लाडू कुणालाच नको होते,” ती मला म्हणाली, “आणि जे हवं होतं, ते आमच्या बजेटमध्ये बसत नव्हतं.”

मी उत्साहाने माझा सारा सिद्धांत तिला ऐकविला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “तुमच्या वाड्यातल्या त्या करंज्यांना पुरुष किती बसायचे?” मी म्हणालो, एकही नाही, आम्ही चाखायला जात असू. “मग तुमच्या त्या अर्थशास्त्रज्ञांवर कशाला रागावता? त्यांनी या कामाची वही ठेवली नव्हती एवढंच. तुम्ही तर तिथेच होतात.” या पिढीची ही हजरजबाबी उद्धटपणाची कला मला अवगत नाही, म्हणून मी चहा मागविला.

ती आता महिन्यातून एक रविवार, सणवार टाळून, त्या शाळेच्या मुदपाकखान्यात जाते. सोबत चार-पाच तरुण येतात. त्यात पोळी लाटता येणारा एकच, तोही नागपूरचा. तिथे तिने एक साधी रेघांची वही ठेवली आहे, आणि येणाऱ्याने तीत नाव, वेळ व काम लिहावयाचे असा दंडक घातला आहे: कांदे चिरले, दीड तास; डाळ निवडली; भांडी घासली, दोन तास. पहिल्या पानावर तिने स्वतःच्या आधी त्या स्वयंपाकीणबाईंचे नाव आणि त्यांचे रोजचे तास घातले आहेत. संस्थेच्या कारकुनास ती वही पाहून पेच पडला. वस्तुरूप देणगीला त्याच्याकडे पावतीपुस्तक आहे, रोख देणगीला निराळे; हिची नोंद कोठे करावी, हे त्याने विश्वस्तांना लेखी विचारले आहे आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो प्रश्न ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात पडून आहे.