नऊची परीक्षा

माझा दादा तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. त्याला नंबर थिअरी, म्हणजे संख्या सिद्धांत, हा विषय आहे. मला वाटले फार अवघड असेल. पण पहिल्याच धड्यात भागाकार आणि बाकी! ती तर आपणही काढतो.

जर्मनीतल्या गाऊस नावाच्या गणितज्ञाने यावर लॅटिन भाषेत मोठा ग्रंथ लिहिला. तो १८०१ साली छापला, तेव्हा गाऊस २४ वर्षांचा होता. दोन संख्यांना नऊने भागून बाकी सारखी उरली, तर त्यांच्यामध्ये तो तीन आडव्या रेघा काढी. आपल्या बरोबरच्या चिन्हापेक्षा एक जास्त.

आता नऊची गंमत ऐका. ४३२ रुपये नऊ जणांत वाटायचे आहेत. शंभराची एक नोट मोडली की प्रत्येकाला ११ मिळून १ रुपया उरतो. दहाची मोडली तरी १ च उरतो. म्हणजे चार शंभरांचे उरले ४, तीन दहांचे ३ आणि सुटे २. झाले ९! तेही एकेक वाटून टाकले. बाकी शून्य. अंकांची बेरीज का करायची, ते मला या नोटांवरून कळले. नियम आधीच पाठ होता.

गुणाकारही असा तपासता येतो. आमचे आठवड्याचे दूध ४३ लिटर, दर ३२ रुपये. ४ नि ३ सात, ३ नि २ पाच. सात पाचे पस्तीस, ३ नि ५ आठ. उत्तर १३७६. त्याचे अंक मिळवून १७, १ नि ७ आठ. जुळले! नाही जुळले तर उत्तर नक्की चूक.

पण जुळले म्हणजे बरोबरच, असे नाही. इथेच माझी फजिती झाली. पहिल्यांदा मी वहीत १७३६ लिहिले होते. परीक्षा घेतली तर आठच आले. मी बाबांना छातीठोक सांगितले, डेअरीतून ३६० रुपये कमी मिळाले. बाबा तिथे गेले. सगळ्यांसमोर हिशोब मांडला, तर चूक आमचीच! बाबा रागावले नाहीत, पण घरी येईपर्यंत बोललेही नाहीत. त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

दादा म्हणाला, "अंक तेच, नुसत्या जागा बदलल्या, तर बेरीज तीच राहणार ना! पण मग फरकाला नऊने भाग जातो." ३६० ला नऊने भागले, ४० आले. आता फरक असा निघाला की मी आधी अंकांची अदलाबदल झाली का ते बघतो.

पुढच्या आठवड्यात बाबांनी वही परत माझ्याकडेच दिली. गुणाकार मी दोनदा केला.