निळा दिवा जळतोय, मग वायफाय का तुटतंय?

जुलैतली आजऱ्याची संध्याकाळ डोळ्यासमोर आणा. संकेश्वर–बांदा रस्त्यावरच्या एखाद्या लॉजवर आंबोलीहून चिंब भिजून आलेले पाहुणे ओले कपडे पंख्याखाली टाकतात आणि मोबाइल हातात घेतात. पंधरा मिनिटांत काउंटरवर तक्रार येते, ‘‘वायफाय दिसतंय, पण जोडलं की तुटतंय.’’ मालक मान वर करून छताकडे बघतो. पांढऱ्या डब्यावर निळा दिवा जळतोय. म्हणजे डबा ठीक, दोष नेटवाल्याचा! फोन लागतो. सकाळी माणूस येतो, तेव्हा सगळं सुरळीत असतं.

दिवा एवढंच सांगतो, की डब्यात वीज पोचली. पुरेशी पोचली का, हे त्याला कळत नाही. तो दिवा जळायला वॅटचा किरकोळ अंश पुरतो. खरी भूक रेडिओची असते आणि ती वाढते माणसं जोडली गेल्यावर, म्हणजे रात्री. सिस्को, अरुबा यांच्या मोठ्या अॅक्सेस पॉइंटना वीज कमी मिळाली, तर ते बंद न पडता पथ्यावर जातात: काही अँटेना मिटतात, यूएसबी पोर्ट बंद करतात. साध्या डब्यांत एवढं शहाणपण नसतं. भार वाढला की ते सरळ रीस्टार्ट होतात.

‘पीओई म्हणजे पीओई, त्यात काय वेगळं?’ हा दुसरा समज. लॅनच्या वायरीतूनच वीज देण्याच्या या पद्धतीचं पहिलं मानक 2003 मध्ये आलं. त्यात स्विच एका पोर्टवर 15.4 वॅट देतो. 2009 मध्ये तो आकडा 30 वर गेला, 2018 मध्ये 90 वर. 20 वॅट मागणारा नवा डबा जुन्या स्विचला जोडला, तर तो उपाशीच राहणार.

त्यात 15.4 वॅट निघाले म्हणून 15.4 पोचत नाहीत. चित्री धरणातून सोडलेलं पाणी शेवटच्या शेतापर्यंत तेवढंच जातं का? मानकाने 100 मीटर वायरीचा रोध 20 ओहम आणि प्रवाह 0.35 अँपिअर धरला आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साधारण 2.45 वॅट वायर गरम करण्यातच जातात. डब्याच्या हाती राहतात 12.95.

हा हिशेब अस्सल तांब्याचा. बाजारात स्वस्तात मिळणारी बरीच वायर आतून अॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. तिचा रोध साधारण दीडपट. ओळखणं अवघड नाही: तार ब्लेडने खरवडायची, तांबूस रंग जाऊन पांढरी चकाकी दिसली की समजायचं. चारशे-पाचशे रुपये वाचवून पॅसेजभर ओढलेल्या अशा वायरीचं बिल नंतर वेगळ्या नावाने भरावं लागतं.

आता स्विचकडे. ‘आठ पोर्ट आहेत, आठ डबे लावा’ हे ऐकायला बरं वाटतं. पण स्विचचं एकूण वॅटचं बजेट असतं. ते 60 असेल, तर आठ पोर्टांना प्रत्येकी साडेसातच वॅट येतात. त्याच स्विचवर सीसीटीव्हीही असेल, तर अंधार पडताच कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे पेटतात आणि त्यांची मागणी वाढते. बजेट ओलांडलं, की स्विच कमी प्राधान्याचा पोर्ट तोडतो. तो नेमका पॅसेजमधल्या वायफायचा निघाला, तर गिऱ्हाईक काउंटरवर! सकाळी येणाऱ्या माणसाला काहीच सापडत नाही ते यामुळेच.

‘जास्त वॅटचा स्विच लावला, तर डबा जळेल’ ही भीतीही फुकाची. मानकातला स्विच आधी अगदी कमी व्होल्टेजवर चाचपणी करतो, पलीकडे 25 किलोओहमची खूण सापडली तरच पूर्ण वीज सोडतो, आणि डबा लागेल तेवढीच ओढतो. धोका खरा आहे तो पॅसिव्ह इंजेक्टरचा. 24 व्होल्टचे ते चिमुकले डबे काही विचारत नाहीत, सरळ वीज ढकलतात. एका कंपनीचा इंजेक्टर दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लावण्याआधी दोन्हींवरचं लेबल वाचलेलं बरं. अॅडॅप्टरचंही तसंच: पिन बसली म्हणजे तो चालतो असं नाही. 12 व्होल्ट, दीड अँपिअरच्या जागी अर्ध्या अँपिअरचा लावला, तर 18 ऐवजी 6 वॅट मिळतात.

लाईटचा दाब कमी असतो म्हणून नेट जातं, असंही म्हणतात. पण बहुतेक अॅडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं. 180 झाले तरी त्यांचं काही अडत नाही. त्रास होतो तो लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चढेपर्यंतच्या क्षणभराचा. इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल, तर तो चालू करून बघावा.

शोध घ्यायचा, तर डबा खाली काढून स्विचशेजारी मीटरभर चांगल्या वायरीने जोडायचा. तिथे धड चालला, तर दोष वायरीत किंवा टोकात. बाहेरच्या भिंतीवरचा जॅक काढून बघितला, तर पावसाने पिना हिरवट पडलेल्या सापडतात. टोक कापून नवं क्रिंप करायचं आणि वायरीला जॅकखाली झोळ सोडायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. मग कॅमेरे दुसऱ्या स्विचवर हलवून बघायचे. आणि ही परीक्षा दुपारी न घेता रात्री साडेआठला, सगळ्या खोल्या भरल्यावर घ्यायची.