तारेची परीक्षा कीं कानांची?

प्रत्यक्षाहून मोठें प्रमाण नाहीं, असें आपण म्हणतों. परंतु न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष ज्ञानासही ‘अव्यभिचारी’, म्हणजे भ्रमरहित, असण्याची अट घातली आहे, तिचा आपणांस सहसा विसर पडतो. तिचें मर्म मला नुकतेंच आमच्या दिवाणखान्यांत कळलें.

माझ्या पुतण्यानें हौसेनें स्टीरिओ घेतला आहे. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची तार बदलावी, असें त्याच्या मनानें घेतलें. नव्या तारेची किंमत चाळीस हजार रुपये! दुकानदारानें ती आठ दिवस वापरून पाहण्यास दिली होती. “काका, तंबोरा किती निवळ ऐकूं येतो!” असें तो म्हणे. पैसे मात्र सामाईक खर्चांतून जावयाचे, आणि त्याच महिन्यांत दादांचें श्रवणयंत्र घ्यावयाचें होतें.

मीं त्यास खोटें पाडलें नाहीं. परीक्षा घेऊं, इतकेंच म्हटलें. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानें १९३५ सालच्या ग्रंथांत चहाच्या आठ पेल्यांची परीक्षा वर्णिली आहे. दूध आधीं घातलें कीं चहा, हें चाखणाऱ्या बाईनें न पाहतां, केवळ चवीवरून ओळखावयाचें. तीच रीत आम्हीं धरिली. यंत्रापुढें पडदा लाविला. पडद्याआड नातीनें नाणें उडवावें. छापा पडल्यास नवी तार, कांटा पडल्यास जुनी. तार तीच राहिली तरीही प्रत्येक वेळीं सोडवून पुन्हां जोडावी. आवाजाच्या बटणास हात लावूं नये, आणि अवाक्षर बोलूं नये. कुमार गंधर्वांच्या गायनाचा एकच तुकडा दहा वेळां वाजविला.

दहांपैकीं पांच उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं, तरी सरासरीनें एवढींच आलीं असतीं! निव्वळ अंदाजानें नऊ किंवा दहा बरोबर येण्याचा संभव १,०२४ त ११. तशीं आलीं असतीं तर मीं हार मानली असती.

यांत नवल नाहीं. आमची जुनी तार तांब्याची, दीड चौरस मिलिमीटर जाडीची, तीन मीटर लांब. जाण्यायेण्याचा तिचा विद्युत्‌रोध सुमारें ०.०७ ओहम, स्पीकरचा आठ ओहम. त्यानें होणारी आवाजांतील घट एका डेसिबेलच्या दशांशाहूनही कमी. मात्र तार फार बारीक वा फार लांब असेल, अथवा सांधा सैल असेल, तर फरक पडतो. तेथें चांगली जाड तार अवश्य घ्यावी.

मग पुतण्या खोटें बोलत होता काय? मुळींच नाहीं. किंमत ठाऊक असली, म्हणजे मन कानाच्या आधीं ऐकूं लागतें. माणूस प्रामाणिक असूनही फसतो. म्हणूनच परीक्षेंत डोळ्यांस पडदा लागतो.

पुतण्यानें निकाल पाहून स्वतःच तार परत केली. श्रवणयंत्र आलें. दादा आतां सायंकाळीं त्या जुन्या तारेवरच गाणें ऐकत बसतात.